केप व्हर्डे, सप्टेंबर २०१३: जिंकलेला सामना आणि शिल्लक राहिलेली बंदी

७ सप्टेंबर २०१३ रोजी ट्युनिसजवळच्या राडेस इथे केप व्हर्डेने ट्युनिशियाला २-० असं हरवलं. गोल प्लॅटिनी आणि हेल्डन यांचे. २०१४ च्या विश्वचषकासाठी आफ्रिकेतल्या पात्रता स्पर्धेच्या ब गटातला हा शेवटचा सामना होता. सामन्याआधी ट्युनिशियाचे ११ गुण होते, केप व्हर्डेचे ९. बरोबरीही चालणार नव्हती, जिंकायलाच हवं होतं, आणि तेही ट्युनिशियाच्या घरी. ते जिंकले. १२ गुणांसह गट जिंकला आणि ब्राझीलला जाणाऱ्या पाच आफ्रिकी संघांसाठीच्या प्ले-ऑफमध्ये, म्हणजे घरी आणि बाहेर अशा दोन लढतींच्या शेवटच्या फेरीत, पोहोचले.

पाच दिवसांनी, १२ सप्टेंबरला, फिफाच्या शिस्तपालन समितीने हा सामना ट्युनिशियाला ३-० ने बहाल केला. केप व्हर्डेचा बचावपटू फर्नांदो वारेला याच्यावर चार सामन्यांची बंदी होती, ती पूर्ण झालेली नसताना तो खेळला होता. ट्युनिशियाचे १४ गुण झाले, केप व्हर्डे ९ वरच राहिला. १६ सप्टेंबरला कैरोत प्ले-ऑफची सोडत निघाली, त्यात ट्युनिशियाचं नाव होतं.

या प्रकरणाकडे बहुतेक वेळा 'छोट्या देशाचं दुर्दैव' म्हणून पाहिलं जातं. ते बरोबर नाही. संघ खेळात कुठेच कमी पडला नव्हता, कमी पडली ती कार्डांची नोंद. म्हणून हे प्रकरण दुर्दैवात न काढता तारीख-तारीख लावून पाहायला हवं.

संघ इथवर कसा आला

केप व्हर्डे म्हणजे सेनेगलच्या पश्चिमेला अटलांटिकमधली दहा बेटं, क्षेत्रफळ सुमारे ४,०३३ चौरस किलोमीटर, लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. पोर्तुगालपासून स्वातंत्र्य ५ जुलै १९७५ चं, म्हणजे गोवा मुक्तीनंतर आणखी साडेतेरा वर्षांनी. फुटबॉल महासंघ १९८२ मध्ये स्थापन झाला, फिफाचं सदस्यत्व १९८६ चं. बरीच वर्षं या संघाचं जग पश्चिम आफ्रिकेतल्या अमिल्कार काब्राल चषकापुरतंच होतं. २००० मध्ये राजधानी प्रायाला झालेल्या अंतिम सामन्यात सेनेगलला हरवून त्यांनी तो जिंकला. विश्वचषक पात्रतेत पहिल्यांदा उतरले तेही त्याच वर्षी. अल्जीरियाविरुद्ध घरी ०-०, बाहेर ०-२, आणि प्रवास संपला.

पुढच्या दहा-बारा वर्षांत चित्र बदललं ते बेटांबाहेर राहणाऱ्या केप व्हर्डेकरांमुळे. लिस्बन, रॉटरडॅम, पॅरिसच्या उपनगरांत आणि अमेरिकेत बॉस्टनच्या आसपास मिळून जितके केप व्हर्डेकर राहतात, तितके बेटांवरही नाहीत. त्यांची मुलं युरोपातल्या क्लबांत तयार होतात. संघ बांधायचा म्हणजे ही मुलं शोधायची, त्यांचे पासपोर्ट करायचे, फिफाकडून पात्रतेची मंजुरी घ्यायची आणि क्लबकडून वेळेवर सोडवून आणायची. या कामात कागद खेळाइतकाच महत्त्वाचा असतो. डब्लिनमध्ये जन्मलेला बचावपटू रॉबेर्तो 'पिको' लोपेश याला पुढे प्रशिक्षक रुई आग्वाश यांनी लिंक्डइनवरून निरोप पाठवला होता. तो पोर्तुगीजमध्ये असल्यामुळे लोपेशने पहिल्यांदा दुर्लक्ष केलं, हे आता सर्वांना माहीत आहे. खेळाडू मिळवण्याची यंत्रणा अशी पातळ होती. नोंदी ठेवणारी यंत्रणा त्याहून जाड असण्याचं काही कारण नव्हतं.

तरीही २०१२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी प्रायात कॅमेरूनला २-० ने हरवलं, ऑक्टोबरमध्ये याउंदेला १-२ हरूनही एकूण ३-२ ने पुढे गेले आणि पहिल्यांदा आफ्रिकी राष्ट्र चषकात पोहोचले. याउंदेतला तो एक मोलाचा गोल हेल्डनच्या फ्री किकवर झाला. प्रशिक्षक लुसियो आंतुनेश हे व्यवसायाने विमान वाहतूक नियंत्रक. जानेवारी २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या स्पर्धेत उद्घाटनाच्या सामन्यात यजमानांशी ०-०, मग मोरोक्कोशी १-१, आणि पोर्ट एलिझाबेथला अंगोलाविरुद्ध स्वयंगोलाने मागे पडल्यावर २-१. त्या सामन्यात बरोबरीचा गोल वारेलाचा होता, विजयाचा भरपाई वेळेत हेल्डनचा. उपांत्यपूर्व फेरीत घानाने २-० ने रोखलं. पहिल्याच स्पर्धेत शेवटच्या आठांत जाणारा हा संघ दोन महिन्यांनी विश्वचषक पात्रतेच्या उरलेल्या सामन्यांकडे वळला.

पात्रतेत सुरुवात वाईट झाली होती. जून २०१२ मध्ये फ्रीटाउनला सिएरा लिओनकडून १-२, आठवड्याने प्रायात ट्युनिशियाकडून पुन्हा १-२. दोन सामने, शून्य गुण. सहा सामन्यांच्या गटातून एकच संघ पुढे जाणार असताना इथून वर येणं जवळजवळ अशक्य.

मालाबोतलं लाल कार्ड

२४ मार्च २०१३ रोजी मालाबोत इक्वेटोरियल गिनीने केप व्हर्डेला ४-३ ने हरवलं. त्यातले तीन गोल एमिलियो ऐन्सुएचे. पाल्मा दे मायोर्का इथे जन्मलेला हा खेळाडू स्पेनच्या कनिष्ठ संघांकडून खेळलेला होता. इक्वेटोरियल गिनीकडून खेळण्याच्या अटी तो पूर्ण करत नसल्याचं फिफाने ठरवलं आणि सामना ३-० ने केप व्हर्डेला दिला. हरलेल्या सामन्याचे तीन गुण मिळाले.

त्याच सामन्यात वारेलाला लाल कार्ड मिळालं होतं. कारण होतं सामनाधिकाऱ्याशी अखिलाडू वर्तन. त्या काळच्या फिफा शिस्तसंहितेत या गुन्ह्याला किमान चार सामन्यांची बंदी होती. वारेलाला तीच मिळाली.

आता एकाच सामन्याच्या दोन नोंदी झाल्या. निकालाच्या खात्यात ३-४ खोडून ३-० आलं. शिस्तीच्या खात्यात काहीच खोडलं गेलं नाही. पुढे राडेसला जे घडलं त्याचं मूळ या दोन खात्यांच्या फरकात आहे. निकाल रद्द होतो तो प्रतिस्पर्ध्याने अपात्र खेळाडू खेळवला म्हणून. पंचाशी केलेलं वर्तन त्यामुळे घडलंच नाही असं होत नाही. संहितेत हे स्पष्ट आहे. सामना नंतर रद्द ठरला तरी त्यात मिळालेल्या लाल कार्डाची बंदी कायम राहते. तर्काला मात्र हे उलटं वाटतं. 'तो सामनाच आता तसा राहिला नाही, मग कार्ड कुठून राहिलं?' असा प्रश्न कुठल्याही संघ व्यवस्थापकाला पडू शकतो, म्हणूनच हा सापळा धोक्याचा. प्रश्न पडला तर फिफाला लेखी विचारायचं आणि लेखी उत्तर येईपर्यंत खेळाडूला बाहेर ठेवायचं, याला पर्याय नाही.

मोजणी

चार सामन्यांची बंदी कुठून कुठपर्यंत, ते कागदावर मांडलं की सगळं उघड होतं. बंदी लाल कार्डाच्या पुढच्या सामन्यापासून सुरू होते आणि त्याच स्पर्धेच्या सामन्यांतच भरली जाते. मधल्या मैत्रीपूर्ण लढती धरल्या जात नाहीत.

पहिला सामना ८ जून २०१३ चा, प्रायात इक्वेटोरियल गिनीविरुद्ध, मैदानावर २-१ ने जिंकलेला. दुसरा १५ जूनचा, सिएरा लिओनविरुद्ध, १-० ने जिंकलेला. तिसरा ७ सप्टेंबरचा, ट्युनिशियाविरुद्ध. चौथा प्ले-ऑफचा पहिला सामना.

म्हणजे राडेसला पोहोचेपर्यंत फार तर दोन सामने भरले होते. ट्युनिशियाविरुद्ध वारेला बाहेर, प्ले-ऑफच्या पहिल्या लढतीतही बाहेर, आणि तो मोकळा होणार थेट परतीच्या लढतीला. ही मोजणी करायला वकील लागत नाही, वेळापत्रक आणि बंदीचं पत्र समोर हवं. ही दोन कागदपत्रं एकाच व्यक्तीच्या टेबलावर एका वेळी असणं, हीच खरी अडचण असते.

निकाल पूर्णपणे नियमाप्रमाणे होता. त्या काळच्या संहितेप्रमाणे अपात्र खेळाडू अधिकृत सामन्यात उतरला तर संघाने सामना ०-३ ने गमावलेला धरत (मैदानावर त्याहून वाईट पराभव झाला असेल तर तो कायम राही) आणि किमान ६,००० स्विस फ्रँकचा दंड होई. खेळाडू किती मिनिटं खेळला, त्याने गोल केला का, चूक जाणूनबुजून होती का, यातलं काहीही निकालावर परिणाम करत नव्हतं. समितीला इथे तोलून पाहण्याची जागाच नव्हती. केप व्हर्डेच्या चाहत्यांना जे सर्वांत लागलं ते हेच असावं: दोन सामने शून्यावर असताना वर चढून आलेल्या संघाचं सगळं यश एका रकान्यावर टांगलेलं होतं.

त्याच मोसमातली इतर उदाहरणं

हे फक्त केप व्हर्डेचं झालं असतं तर त्याला अपवाद म्हणता आलं असतं. २०१४ च्या आफ्रिकी पात्रतेत असे निकाल ओळीने लागले. सुदानने २०१२ मध्ये झांबियाला २-० हरवलं, अपात्र खेळाडूमुळे ते ०-३ झालं. टोगोने ९ जून २०१३ ला लोमेत कॅमेरूनला २-० हरवलं, पण आलेक्सिस रोमाओवर बंदी होती, सामना कॅमेरूनला गेला. इथिओपियाने दोन पिवळ्या कार्डांमुळे एका सामन्याची बंदी असलेल्या मिन्याहिल बेयेनेला बोत्स्वानाविरुद्ध उतरवलं, २-१ चा विजय ०-३ ठरला. इथिओपियाच्या महासंघाने चूक उघड मान्य केली, आणि शेवटचा सामना जिंकून संघ तरीही प्ले-ऑफला गेला. केप व्हर्डेकडे 'शेवटचा सामना' उरलेलाच नव्हता. हाच त्यांच्या बाबतीतला फरक.

प्ले-ऑफमध्ये ट्युनिशियाची गाठ पडली ती कॅमेरूनशी. म्हणजे त्या जोडीतल्या दोन्ही संघांच्या खात्यात मैदानाबाहेर मिळालेले गुण होते. ट्युनिसला ०-०, याउंदेला ४-१, आणि ब्राझीलला कॅमेरून गेला.

हा प्रश्न पैशाने सुटतो असंही नाही. दक्षिण आफ्रिकेकडे केप व्हर्डेच्या कितीतरी पट मोठी यंत्रणा आहे. तरी २१ मार्च २०२५ ला त्यांनी लेसोथोविरुद्ध तेबोहो मोकोएनाला खेळवलं. त्याला २०२६ च्या पात्रतेत पहिलं पिवळं कार्ड नोव्हेंबर २०२३ मध्ये बेनिनविरुद्ध मिळालं होतं, दुसरं जून २०२४ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध. मधल्या काळात आफ्रिकी राष्ट्र चषकाचे पात्रता सामने झाले. ती वेगळी स्पर्धा, त्यामुळे बंदी तिथे भरली गेली नाही, ती मार्चपर्यंत तशीच थांबून राहिली. २-० चा विजय सप्टेंबरअखेर ०-३ झाला, दंड १०,००० स्विस फ्रँक. दक्षिण आफ्रिका शेवटी पात्र ठरली, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या सामन्यापर्यंत जीव टांगणीला लागला.

ऐन्सुएचं प्रकरणही २०१३ मध्ये मिटलं नाही. २०२४ मध्ये त्याच पात्रतेच्या प्रश्नावर फिफाने इक्वेटोरियल गिनीचे २०२६ च्या पात्रतेतले दोन विजय काढून घेतले.

नोंद कशी ठेवायची

राष्ट्रीय संघांत हे पुन्हा पुन्हा होण्याची कारणं ठरलेली आहेत. क्लब आठवड्याला खेळतो, बंदी पुढच्याच शनिवारी आठवते. राष्ट्रीय संघ वर्षातून चार-पाच वेळा एकत्र येतो. २०१४ ची ही गटफेरी जून २०१२ ते सप्टेंबर २०१३, म्हणजे पंधरा महिने चालली. तेवढ्या काळात व्यवस्थापक बदलतो, सचिव बदलतो, ईमेलचा पत्ताही बदलतो. खेळाडू मधल्या काळात क्लबकडून तीस-चाळीस सामने खेळतो, त्याला स्वतःचं कार्ड आठवेलच असं नाही.

दुसरा गैरसमज असा, की चुकीचं नाव यादीत गेलं तर सामना आयुक्त किंवा पंच अडवतील. ते ओळखपत्र, पासपोर्ट, जर्सीचे रंग आणि क्रमांक पाहतात. बंदी शिल्लक आहे का याची जबाबदारी संघाची. ती त्यांच्यावर ढकलता येत नाही. प्रतिस्पर्धी तक्रार करणार नाही म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही, कारण फिफा स्वतःहून चौकशी सुरू करू शकते.

म्हणून नोंदवही स्पर्धानिहाय वेगळी हवी. विश्वचषक पात्रतेची एक, आफ्रिकी राष्ट्र चषकाच्या पात्रतेची दुसरी. एकाच तक्त्यात दोन्ही घातल्या की मोकोएनासारखी गल्लत होते. प्रत्येक कार्डामागे सामन्याची तारीख, प्रतिस्पर्धी, खेळाडू, पिवळं की लाल, लाल असेल तर थेट की दुसऱ्या पिवळ्यामुळे, आणि पंचांच्या अहवालातलं कारण लिहायचं. कारण लिहिणं महत्त्वाचं, कारण बंदीची लांबी त्यावरच ठरते. थेट लाल कार्डाची एक सामन्याची बंदी आपोआप लागू होते, उरलेली समिती नंतर पत्राने कळवते. ते पत्र कधी आलं, कुणी उघडलं, कुणाला दिलं, याचेही रकाने हवेत. त्यापुढे भरलेले सामने तारखांसह, आणि शेवटी शिल्लक आकडा. 'भरली' असा शेरा पुरत नाही. कुठल्या तारखांना भरली ते दिसलं पाहिजे.

निकाल मागाहून बदलला तर त्या सामन्याची ओळ खोडायची नाही. निकालाच्या रकान्यात दुरुस्ती करायची आणि कार्डाचा रकाना तसाच ठेवायचा. मालाबोच्या सामन्यासाठी एवढी एक गोष्ट झाली असती तर सप्टेंबरमध्ये वारेलाच्या नावापुढे 'शिल्लक २' दिसलं असतं.

ही वही तीनदा उघडावी लागते. संघनिवड जाहीर करण्याआधी, म्हणजे बंदी असलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा बोलावता येतो. सामन्याच्या दोन दिवस आधी, म्हणजे शंका असेल तर फिफाला विचारून उत्तर येण्याइतका वेळ मिळतो. आणि अंतिम यादीवर सही करण्याआधी. तिसऱ्या वेळी वही पाहणारा माणूस प्रशिक्षक नसावा. प्रशिक्षकाच्या डोक्यात तेव्हा ट्युनिशियाचे आघाडीपटू असतात, आणि तिथे तेच असायला हवेत. बंदी असलेला खेळाडू राखीव बाकावरही बसू शकत नाही, त्यामुळे 'नाव देऊन ठेवू, उतरवायचं नंतर पाहू' हा मार्गही बंद.

नंतरचं

संघ कोसळला नाही, आणि मला या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. फेब्रुवारी २०१४ मध्ये केप व्हर्डे फिफा क्रमवारीत २७ व्या स्थानी होता. २०१५ च्या राष्ट्र चषकात तिन्ही सामने बरोबरीत सुटले आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने जास्त गोल केले म्हणून ते बाहेर पडले. त्याच वर्षी ३१ मार्चला एश्तोरिलमध्ये पोर्तुगालला २-० ने हरवलं.

२०१८ च्या पात्रतेत मैदानाबाहेरच्या निर्णयाने त्यांना पुन्हा गाठलं, या वेळी चूक त्यांची नव्हती. सप्टेंबर २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेला पाठोपाठ दोनदा २-१ ने हरवून ते बुर्किना फासोच्या बरोबरीने ६ गुणांवर आघाडीला आले होते. लगेच फिफाने पंचाच्या गैरप्रकारामुळे दक्षिण आफ्रिका-सेनेगल हा जुना सामना पुन्हा खेळवण्याचा आदेश दिला, आणि हरलेल्या सेनेगलला ते तीन गुण परत मिळवण्याची संधी मिळाली. ऑक्टोबरमध्ये सेनेगलने प्रायात २-० ने जिंकून प्रश्न मैदानावरच सोडवला.

जानेवारी २०२० पासून बुबिश्ता, म्हणजे पेद्रो लेइतांव ब्रितो, प्रशिक्षक आहेत. २०२६ च्या पात्रतेत कॅमेरून, लिबिया, अंगोला, मॉरिशस आणि एस्वातिनी यांच्या गटात सुरुवात घरच्या ०-० ने झाली, मग एस्वातिनीला हरवलं, आणि जून २०२४ मध्ये याउंदेला १-४ असा पराभव. त्यानंतर पाच सामने सलग जिंकले. पाचवा ९ सप्टेंबर २०२५ चा, प्रायात कॅमेरूनविरुद्ध, दायलोन लिव्रामेंतोच्या एकमेव गोलावर. त्रिपोलीत लिबियाविरुद्ध १-३ वरून ३-३ केलं. १३ ऑक्टोबरला एस्वातिनीविरुद्ध पहिलं सत्र कोरं गेलं. मध्यंतरानंतर लिव्रामेंतो आणि विली सेमेदो यांनी सहा मिनिटांत दोन गोल केले, भरपाई वेळेत अनुभवी बचावपटू स्टोपिराने तिसरा. दहा सामन्यांत २३ गुण, कॅमेरूनचे १९. चार गुणांची ही आघाडी म्हणजे कॅमेरूनविरुद्धचा सोडून दुसरा एखादा सामना कागदावर गेला असता तरी गट त्यांचाच राहिला असता, अशी मोजणी २०१३ आठवणाऱ्यांनी केलीच असणार.

२०१३ चा राष्ट्र चषक खेळलेले गोलरक्षक वोझिन्या आणि आघाडीपटू रायन मेंदेश हे दोघं या मोहिमेतही होते. विश्वचषकाच्या सोडतीत केप व्हर्डे एच गटात आला, सोबत स्पेन, उरुग्वे आणि सौदी अरेबिया. पहिला सामना १५ जून २०२६ ला अटलांटात, स्पेनविरुद्ध.